एका गोष्टीला एकच शब्द

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वेलांटी चुकलेली दिसली तर ती चुकलीच आहे, मी मनात काही वेगळं धरून लिहिलेलं नाही. हे कोणाला वाचायला द्यायचं नाही, तरी आधी माफी मागून ठेवली की मला पुढे लिहायला बरं पडतं.

सरांबद्दल लिहायचं आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. ते अजून इथेच आसपास असतात, आणि त्यांना हे सापडलंच तर रागावणार नाहीत, पण प्रत्येक शब्दाखाली रेघ मारत बसतील.

मी पनवेलला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला आहे. सकाळी कुलूप उघडायचं, झाडून-पुसून घ्यायचं, पाणी भरायचं, दोनदा चहा. क्लास दुसऱ्या मजल्यावर, खाली भांड्यांचं दुकान. सर तिथे डीप लर्निंग शिकवायचे. म्हणजे काय ते मला प्राचीने, त्याच क्लासला जाणाऱ्या माझ्या मुलीने, सांगितलं. कॉम्प्युटरला एकाच गोष्टीचे पुष्कळ फोटो दाखवत राहायचं, मग नवीन फोटो बघून तो स्वतःच सांगतो हे काय आहे. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, "आई, एवढ्यालाच दोन वर्षं लागतात."

सर उंच होते आणि जरा वाकून चालायचे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा. पेन ते दुसऱ्याचं मागायचे.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, चहा ठेवू का?" ते हो म्हणाले. थोड्या वेळाने मी दारातून सांगितलं, "चहा टाकलाय, आणते." त्यांनी मान वर केली.

"ताई, मघाशी ठेवला होतात ना? आता टाकलात?"

मला वाटलं, चहा फेकून दिला असं त्यांना वाटलं. मी घाईने म्हटलं, "नाही सर, झालाच."

"म्हणजे ठेवला तो, टाकला तो आणि झाला तो, हा एकच चहा?"

"एकच."

"मग शब्दही एकच वापरा ना."

मला लोकांशी बोलायची आधीच लाज. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे चहाचं नावच काढलं नाही, कप आणून ठेवायची आणि मागे वळायची. ते मला रागावलेत असं मी किती तरी दिवस धरून चालले होते. नंतर कळलं की ते सगळ्यांशीच असे आहेत.

एकदा क्लासचे मालक मला म्हणाले, "सरांना नवीन नोटबुक लागणार आहे, बघा जरा." मी खाली जाऊन दोनशे पानी वही आणली, चांगली पुठ्ठ्याची. मुलं हसायला लागली. सर हसले नाहीत. त्यांनी वही उलटीपालटी केली, तिचे पैसे मला दिले आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या बॅचपासून त्यांच्या पहिल्या धड्याची पहिली ओळ अशी होती: "नोटबुक म्हणजे कागदाची वही नव्हे. कॉम्प्युटरवर उघडणारं असं पान, ज्यात सूचना आणि कोड एकाखाली एक असतात." कोडच्या एकेका चौकटीला सेल म्हणतात, तेही त्यात घातलं होतं. तेव्हा मला कळलं की सेल चालवा, सेल चालवा, असं जे दिवसभर चालतं ते बॅटरीतल्या सेलबद्दल नाही.

क्लासला येणारी मुलं करंजाड्याची, उरणची, आमच्या रोडपालीची, पुष्कळशी मराठी शाळेत शिकलेली. म्हणून सर कोड इंग्रजीत ठेवायचे आणि काय करायचं ते मराठीत लिहायचे. अशी त्यांची डझनभर नोटबुकं होती आणि त्यांचा जीव त्यात अडकलेला होता. त्यातली काही आधीपासूनची होती, त्यांच्या आधी जे शिकवायचे त्यांनी कुठे "सेल चालवा" लिहिलं होतं, कुठे "सेल रन करा", कुठे "कोड कार्यान्वित करा". उरणच्या एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, "सर, रन झालं माझं. आता चालवायचं कसं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "हसू नका. तिनं बरोबर विचारलंय." मग आठवडाभर ते जेवणाच्या सुट्टीतही स्क्रीनसमोरून उठले नाहीत. शेवटच्या दिवशी तर सगळ्या नोटबुकांमध्ये "चालवा" करून झालं तेव्हाच डबा उघडला. भाजी आंबली होती, तरी खाल्ली.

"एका गोष्टीला एकच शब्द," असं ते दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. एक वाकून चालायचा आणि दुसरा म्हणायचा, "एका सरांना एकच शर्ट."

"वरचा" हा शब्द त्यांना चालायचा नाही. प्राचीने एकदा विचारलं, "सर, वरच्या सेलमध्ये एरर येतोय." सर म्हणाले, "वरचा म्हणजे कुठला?" ती म्हणाली, "हा काय, याच्या वरचा." सरांनी मध्ये एक रिकामा सेल घातला आणि म्हणाले, "आता?" ती रडकुंडीला आली. घरी येऊन मला म्हणाली, "तुझे सर वेडे आहेत." माझे सर. पण दुसऱ्या दिवशी तिने तिच्या प्रत्येक सेलला नाव दिलं होतं, हेही मी पाहिलं.

क्लासच्या दोन दारांवर दोन पाट्या होत्या. एकीवर "चपला बाहेर काढा", दुसरीवर "पादत्राणे येथे ठेवावीत". सर म्हणाले, पहिल्या दाराने बूटवाले सरळ आत जाणार, त्यांचं काय चुकलं? त्यांनी दोन्हीकडे "चपला-बूट इथे काढा" असं लावलं. मालक म्हणाले, "सँडल राहिले की सर. आणि मोजे?" सर खरोखर विचारात पडले. मालकांच्या घरी सत्यनारायण होता, त्या आमंत्रणात तीर्थप्रसाद संध्याकाळी आणि महाप्रसाद रात्री असं छापलं होतं. सरांनी विचारलं, "हे दोन प्रसाद वेगळे, की एकच?" मालकांनी हात जोडले. "सर, तुम्ही नुसते या, जेवा आणि जा."

असा माणूस लोकांना नको होतो. त्यांच्याबरोबर चहाला खाली कोणी जात नसे. मला मात्र त्यांची एक गोष्ट आठवते आणि त्यापुढे बाकीचं फिकं पडतं. नवीन नोटबुक लिहून झालं की संध्याकाळची बॅच सुटल्यावर ते मला म्हणायचे, "ताई, पाच मिनिटं वाचून दाखवता?" मला त्यातलं काही कळत नाही, म्हणूनच मी हवी होते. मी जिथे अडखळेन तिथे त्यांना चिठ्ठी लावायची असायची. पण मला आवाजच फुटेना. कोणी बघत असलं की अक्षरं माझ्या डोळ्यांसमोरून पळतात. सरांना ते कळलं असावं. त्यांनी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसले. म्हणाले, "मी इथे नाही." मग मी वाचलं. बोट ठेवून, एक एक शब्द.

मी एकदा धीर करून विचारलं, की एवढं कशाला, मुलं विचारतील ना समजलं नाही तर. ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "वर्गात विचारतील हो. पण नोटबुक वाचताना पोरगं घरी एकटं असतं. तिथे मी नसतो."

त्या वर्षी प्राचीने माशांचं काम घेतलं होतं. फोटोवरून मासा ओळखायचा. ती आणि उरणची ती मुलगी बाजारात जाऊन फोटो काढायच्या, कोळणींच्या शिव्या खायच्या. "घेवाचा नाय त फोटू कसाला काढतंस गो?" एकीने फोटोखाली पापलेट लिहिलं, दुसरीने त्याच माशाला सरंगा. कॉम्प्युटर गोंधळला, त्याला वाटलं दोन वेगळे मासे आहेत. सरांना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. "बघा, मशीनलाही तेच लागतं," असं सगळ्यांना सांगत सुटले.

मग फोटो इतके झाले की क्लासचे कॉम्प्युटर पुरेनात. अशा वेळी मोठी मशीन इंटरनेटवरून भाड्याने घेतात. ती कुठे लांब असते, दिसत नाही, आपण इथून काम देतो आणि तासागणिक भाडं चढतं. त्यासाठी क्रेडिट कार्ड लागतं. आमच्याकडे कुठलं. माझे दीर उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला आहेत, त्यांच्याकडे होतं. थोडेसेच पैसे लागतील म्हणून प्राचीने ते मागून घेतलं.

भाड्याची मशीन कशी थांबवायची ते सरांनी ज्या दिवशी वर्गात दाखवलं, त्या दिवशी प्राची तापाने घरी होती. गणपतीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिने नोटबुक वाचून एकटीने सगळं काम केलं. सर गावाला गेले होते. नोटबुकाची शेवटची ओळ होती: "काम झालं की मशीन बंद करा." सरांच्या प्रत्येक नोटबुकाची शेवटची ओळ तीच होती. पहिल्या दिवसापासून त्या ओळीचा अर्थ मुलांना ठाऊक होता, समोरचा कॉम्प्युटर बंद करायचा आणि घरी जायचं. प्राचीने कॉम्प्युटर बंद केला, त्यावर कापड टाकलं आणि घरी आली. लांबची मशीन गौरी-गणपती होऊन विसर्जन झालं तरी चालूच होती.

बिल आलं ते माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढं.

दीर उरणहून मोटारसायकलवर आले. दारातच म्हणाले, "वयनी, तुमची पोर शिकतंय का आमाला लुटतंय? यार्डाच्या हापिसात पोरी घेतात, उद्यापासून तिकडं लाव तिला. पैशे फिटले का मंग बगू शिकायचं." आमचे हे खाली मान घालून बसले. भावाचे पैसे होते, ते काय बोलणार. प्राची आतल्या खोलीत होती.

क्लासमध्ये मालक म्हणाले, "चूक मुलीची आहे. नोटबुकात स्वच्छ लिहिलंय, मशीन बंद करा. तिनं केली नाही, त्याला क्लास काय करणार?"

सर आले. त्यांनी प्राचीला बोलावलं आणि म्हणाले, "काय केलंस ते मला करून दाखव." तिने शेवटची ओळ मोठ्याने वाचली. मग माऊस हलवून समोरचा कॉम्प्युटर बंद केला. स्क्रीन काळी झाली. सर त्या काळ्या स्क्रीनकडे बघत उभेच राहिले.

"तिनं बरोबर केलं," ते म्हणाले. "मी सांगितलं तेच केलं."

"सर, पोरांसमोर असं बोलू नका," मालक म्हणाले. "उद्या सगळे पैसे मागायला येतील."

"येऊ देत."

नंतर ते माझ्याशी बोलले, की स्वतःशीच, ते मला नीट सांगता येणार नाही. मी कप धूत होते. म्हणाले, "एका गोष्टीला एकच शब्द, हे मी सांभाळत बसलो ताई. एका शब्दाच्या दोन गोष्टी होतात, तिकडे बघितलंच नाही. मशीन म्हणजे ही आणि मशीन म्हणजे ती. सगळीकडे ओळ सारखी राहावी म्हणून मीच ती उचलून उचलून लावली." ती ओळ मी त्यांना कितीदा वाचून दाखवली होती. तिच्यावर मी कधी अडखळले नव्हते. सोपी ओळ होती, म्हणून तिला चिठ्ठी लागली नाही.

त्यांनी पुन्हा सगळी नोटबुकं काढली. आता "समोरचा कॉम्प्युटर बंद करा" आणि "भाड्याची मशीन थांबवा". बंद आणि थांबवा हे दोन शब्द त्यांनी पुन्हा कधी एकमेकांच्या जागी येऊ दिले नाहीत. जुन्या सगळ्या मुलांना त्यांनी मेसेज पाठवला, की या ओळीत चूक होती आणि ती माझी होती. मालकांना ते फार लागलं. क्लासची बदनामी केली, महिनाअखेर नोकरी सोडा, म्हणाले. महिना संपल्यावर सर गेले. जाताना खिशातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा घेऊन गेले.

पण त्याआधी एका रविवारी ते आमच्याबरोबर उरणला दिरांच्या घरी आले होते. मी नको नको म्हणत होते. त्यांनी ती ओळ असलेली दोन नोटबुकांची पानं छापून घेतली होती. एसटीत पुढच्या खिडकीवर "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" आणि मागच्या दारावर "आपत्कालीन दरवाजा" लिहिलं होतं, ते त्यांनी कंडक्टरला दाखवलं. कंडक्टर म्हणाला, "संकट आलं का कुठूनबी उडी मारा, साहेब. तिकीट घ्या."

दिरांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. कागद हातात धरले, परत ठेवले.

"मास्तर, पोर म्हनतंय चूक तुमची. तुमीपन म्हनता चूक तुमची. मंग आमी भांडायचं कोनाशी?"

सर म्हणाले, "भांडू नका. पैसे मी देतो. एकदम नाहीत माझ्याकडे, दर महिन्याला देईन. पण तिचं शिकणं थांबवू नका."

दिरांनी कागद पुन्हा उचलले. मग म्हणाले, "आमच्या यार्डात खालून कोनी नुसतं 'सोड' बोलला, त क्रेनवाला हात लावत नाय. हलू खाली सोड, का हूक सोड? नीट बोलायला लागतं. मानूस मरंल ना खाली."

सरांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढली आणि प्राचीकडे पेन मागितलं. "हे लिहून घेऊ?"

"घ्या लिवून. समजलं मला तुमचं. पन समजून बँक थांबत नाय. हप्ते येतील तवर पोर शिकंल. एक हप्ता चुकला का दुसऱ्या दिवशी यार्डात."

म्हणजे माझ्या मुलीचं शिक्षण आता या वाकून चालणाऱ्या माणसाच्या हप्त्यावर उभं होतं, आणि त्याची नोकरी महिनाअखेर जाणार होती.

पहिले हप्ते वेळेवर आले. कसे आले ते मला माहीत नाही. नंतर सरांना तळोज्याला एका पंपाच्या कारखान्यात काम लागलं, पंपाबरोबर खोक्यात जो सूचनांचा कागद येतो तो मराठीत लिहायचं. मला त्या वेळी वाटलं की यांना यापेक्षा बरं काम मिळालं नसतं. पण पगार उशिरा होणार होता, आणि त्या महिन्याची तारीख उलटून गेली. दिरांचा निरोप आला. प्राचीने पुस्तकं फडताळात ठेवली आणि यार्डाच्या ऑफिसात घालायला म्हणून दोन ड्रेस इस्त्रीला टाकले.

सर क्लासच्या जिन्याखाली माझी वाट बघत उभे होते. वर यायची त्यांना बंदी नव्हती, तरी आले नाहीत. "ताई, सोमवारी पगार आहे. सोमवारी देतो. तुमच्या दिरांना सांगाल?"

मी लग्न होऊन आल्यापासून दिरांना स्वतः होऊन कधी फोन केलेला नव्हता. काही असलं की हे बोलायचे. त्या दिवशी भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसले आणि नंबर लावला.

"कोन? वयनी? काय झालं, दादा बरा हाय ना?"

"बरे आहेत. भावजी, पैसे सोमवारी येणार. तोवर प्राची क्लासला जाईल."

"तारीख उलटली, वयनी."

"उलटली. पैसे सोमवारी येणार. प्राची उद्या क्लासला जाईल."

तेच वाक्य मी परत म्हटलं, कारण दुसरं मला सुचलं नाही. "बरं," ते म्हणाले. "सोमवार म्हंजे सोमवार." सोमवारी दुपारी पैसे आले. ड्रेस मी इस्त्रीवाल्याकडून आणून कपाटात ठेवून दिले.

परवा शेवटचा हप्ता होता. दीर आमच्याकडेच आले होते, चहा पीत होते, आणि फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "ह्यो मास्तर चुकला. जास्ती पाठवलंय." त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"मास्तर, जास्ती आलं. परत पाठवतो."

"जास्ती नाही. कार्डाचं बिल तुम्ही उशिरा भरलं असणार, बँकेनं व्याज लावलं असेल. तेही त्या चुकीतलंच आहे."

"व्याज मी मागितलं का तुमच्याकडं?"

"मागितलं नाही. पण लागलं ना?"

दीर माझ्याकडे बघायला लागले. लागलं होतं, ते मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं, त्यांनी आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं इतकंच. ते म्हणाले, "लागलं, पन..." सर तिकडून म्हणाले, "मग झालं." आणि फोन ठेवला.

दिरांनी फोन खिशात टाकला, उरलेला चहा प्यायले. मी म्हटलं, "भावजी, आता नीट सांगा. काही राहिलं का?"

"काय नाय राहिलं, वयनी. व्याजासकट सगळं आलं."

प्राची त्या वेळी क्लासला होती.